चौथी गाडी फोडायला

गुडघ्याइतक्या उंचीची सीट, साडेसहा इंची रिमवरचे टायर, वीस-बावीस किलो वजन, हवेवर थंड होणारं ४९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि ते चालू करायला ओढायची दोरी. गिअर नाहीत, शॉक ॲब्सॉर्बर नाहीत. दिसायला मात्र हुबेहूब रेसिंग मोटरसायकल, स्टिकरांसकट. हिला पॉकेट बाईक म्हणतात. स्वस्तातली चिनी घेतली तर तीस-पस्तीस हजारांत घरपोच येते.

आमच्या दादाला अशा चार घ्यायच्या आहेत. दादाचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे आणि वयानं तो पन्नाशीला टेकलाय. ताई चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. नापास करणं हा तिचा पगारी उद्योग. गणपतीला दोघं घरी होते, आरती आटोपली होती आणि विषय निघायला एवढं पुरलं. मी मधे बसून ऐकत होतो. जे झालं ते शक्यतो तसंच देतोय, फक्त दादाच्या शिव्या गाळून.

ताई : चार कशाला? दुकान काढतोस का?

दादा : शर्यत काय एकट्यानं लावायची असतीय? मी, ओतकामाचे नमुने करणारा पॅटर्नवाला आणि वेल्डिंगवाला. तीन झाल्या. चौथी फोडायला.

ताई : फोडायला?

दादा : सुट्या भागांसाठी गं. ह्या गाड्यांना ठरलेली कंपनी नसती. आज मागवलेली आणि वर्षानं मागवलेली फोटोत सारखी दिसतीय. उघडून बघितलं की कार्बोरेटरच्या स्टडमधलं अंतर वेगळं, क्लचची वाटी वेगळी. म्हणून एकाच विक्रेत्याकडनं, एकाच खेपेतल्या चार घ्यायच्या. एक उघडून फडताळात लावून ठेवायची. सुटं इंजिन, सुटा कार्बोरेटर, सुटी चाकं वेगवेगळी मागवत बसलो तर त्याहून जास्त पैसे जातात, आणि आलेलं बसंलच असं न्हाई.

ताई : म्हणजे घेतानाच पंचवीस टक्के माल भंगार धरून चाललायस. आमच्याकडे दहा लाख नगांत किती खराब निघाले ते मोजतात.

दादा : तुमचं गिऱ्हाईक नग उघडून बघत न्हाई, म्हणून तुम्हाला मोजायला लागतंय. मी पहिल्या दिवशी उघडूनच बघणार.

दादाच्या बोलण्यातला खरा मुद्दा हाच होता, पण तो स्वतःच त्यावरून घसरला आणि थेट इटलीत पोचला. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, ती त्यानं वर्कशॉप बंद ठेवून मोबाइलवर बघितली होती. जिंकला तो मार्को बेझेक्की, रिमिनीचा, तेव्हा व्हॅलेंटिनो रॉसीच्या संघातला.

दादा : त्या रिमिनीच्या किनाऱ्यावर सगळी पोरं असल्याच टीचभर गाड्यांवर शिकली. रॉसी आधी कार्टिंग करायचा. ते परवडंना, म्हणून मिनीमोटोवर, म्हणजे असल्याच गाडीवर, आला. परवडत न्हाई म्हणून! सिमोनचेल्ली १९९९ आणि २००० ला इटलीचा मिनीमोटो चॅम्पियन. जपानचा दाइजिरो कातो तिसऱ्या वर्षी पॉकेट बाईकवर बसला आणि २००१ ला अडीचशे सीसीचा जगज्जेता झाला. स्वस्त गाडीतनंच रेसर निघतोय, तायडे.

ताई : स्वस्त कशाच्या मानानं? कार्टच्या मानानं. पोलिनी किंवा ब्लाटाची खरी रेसची गाडी काही हजार युरोंना मिळते. पाण्यानं थंड होणारं इंजिन, दहाच्या वर हॉर्सपॉवर, हायड्रॉलिक ब्रेक. तुझ्या चिनी गाडीत त्या गाडीचा आकार आहे, धातू नाही. दोन-तीन हॉर्सपॉवरची नक्कल घेऊन रॉसीचं नाव घेऊ नकोस.

दादा : आम्हाला कुठं रॉसी व्हायचंय? आम्हाला शनिवार घालवायचाय.

ताई : तेच ब्रिटनमधल्या पोरांनी केलं. २००५-०६ च्या सुमाराला तिथं अशा गाड्यांचा पूर आला. स्वस्त, म्हणून घरोघरी आल्या आणि फुटपाथवर, बागांत फिरायला लागल्या. लोक वैतागले. शेवटी पोलिसांनी २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याखाली त्या जप्त केल्या आणि क्रशरमध्ये घातल्या.

दादा : क्रशरमध्ये? इंजिनासकट?

दादाला खरोखर वाईट वाटलं. त्या पोरांसाठी नव्हे, इंजिनांसाठी.

ताई : बरं, पहिल्या दिवशी काय करणार ते सांग. दोरी ओढणार?

दादा : खुळी हायस का? पहिल्या दिवशी पेट्रोलसुद्धा घालायचं न्हाई. फेअरिंग काढायची आणि सगळे नट-बोल्ट एकेक करून उघडायचे. निम्मे हातानंच सुटतात, उरलेले इतके आवळलेले असतात की आटे गेलेले. बोल्टाचं लोखंड म्हणजे लोणी. ब्रेकच्या कॅलिपरचे, स्प्रॉकेटचे, एक्सलचे, इंजिन बसवायचे, सायलेन्सरचे सगळे फेकायचे आणि आठ-पॉइंट-आठ ग्रेडचे घालायचे. जिथं गरम होत न्हाई तिथं नायलॉक नट, बाकी ठिकाणी लॉकटाइटचा थेंब. सायलेन्सरला ते टिकत न्हाई, तिथं स्प्रिंग वायसर आणि तार. एका सिलिंडरचं इंजिन दहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतंय, मधे रबर नावापुरतं. पहिल्या शनिवारी जे सुटायचं ते सुटतंयच.

ताई : हे मान्य. पुढे?

दादा : चेन. पाव इंची पिचची बारकी चेन असतीय. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत नसतं, कारण चेसिस जिगमध्ये धरून नीट वेल्ड केलेली नसती. पट्टी लावून बघायचं, मी लेथवर वायसर काढून रेषेत आणणार. तसंच सोडलं तर चेन उतरून मागच्या चाकात अडकती. चाक जाम, माणूस पुढं.

ताई : आणि क्लच?

दादा : सेंट्रिफ्यूगल. फेऱ्या वाढल्या की शू बाहेर फेकले जाऊन वाटीला धरतात. त्यांना आत ओढणाऱ्या स्प्रिंगा टिकत न्हाईत. त्या जास्तीच्या आणून ठेवायच्या.

ताई : टिकत नाहीत एवढंच सांगून थांबू नकोस. तुटली की काय होतं ते सांग. शू बाहेरच राहतो. तू दोरी ओढलीस, इंजिन लागलं की गाडी तुझी वाट न बघता निघाली. म्हणून मागचं चाक स्टँडवर उचलल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही. हे भिंतीवर लिहून ठेव.

ताईला ह्यातलं इतकं कसं माहीत, असा प्रश्न मला पडला. तिनं आदल्या रात्री दादाच्या फोनमधले सगळे व्हिडिओ बघितले होते, आणि विरोध करायचा तर पूर्ण अभ्यासानिशी, हा तिचा शाळेपासूनचा खाक्या.

ताई : ब्रेक. दोन्ही डिस्क आहेत म्हणून खूश होऊ नकोस. केबलवर चालणाऱ्या आहेत. केबल ताणते, बाहेरचं आवरण दबतं, आणि लिव्हर ओतीव मऊ धातूचा. जोरात दाबला की ब्रेक लागायच्या आधी लिव्हरच वाकतो. डिस्क सरळ आहे का ते डायल गेजवर बघितलंस तर तुला रडू येईल.

दादा : केबल सायकलच्या दुकानातली चांगली घालायची. लिव्हर मी ॲल्युमिनियममधनं काढतो. डिस्क फेसिंग करतो.

ताई : डिस्क पातळ केलीस तर ती तापून आणखी वाकेल. बदलायची. आणि किल स्विच?

दादा : हाय की. हँडलवर लाल बटण.

ताई : ते बटण इग्निशन अर्थ करून इंजिन बंद करतं. म्हणजे वायर धड असेल तरच बंद होणार. वायर तुटली तर इंजिन चालूच राहणार आणि तुला कळणारही नाही. मनगटाला दोरी बांधायचा स्विच लावलास तरी त्याची वायर तीच. आता त्यात कार्बोरेटरचा स्लाइड कचऱ्यानं उघडा अडकला असं धर. ब्रेक वाकणारा, स्विच मेलेला, थ्रॉटल उघडा. पन्नासच्या वेगानं, तोंड जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर.

दादा गप्प बसला. मला वाटलं, संपलं. पण लेथवाल्याचं गप्प बसणं म्हणजे मनात मापं घेणं असतं.

दादा : मग दर वेळी ट्रॅकवर जायच्या आधी तिन्ही गाड्या स्टँडवर लावून चालू करायच्या आणि बटणानं बंद करून बघायच्या. जी बंद हुईना ती घरी. थ्रॉटल सोडल्यावर केबल टक्कन मागं आली पायजे, हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून. एवढं केलं तर?

ताई : तर मी एक प्रश्न कमी विचारीन.

तेलाचा विषय निघाला तेव्हा मात्र दादा मालक होता. त्याचं बालपण लुनाच्या मागच्या सीटवर गेलं. अहमदनगरला तयार होणारी कायनेटिकची ती पन्नास सीसीची मोपेड आमच्या वडिलांकडे होती, आणि पंपावर टू-टी तेलाच्या यंत्राचं हँडल फिरवून तेल पेट्रोलमध्ये पडताना बघणं हा दादाचा पहिला यांत्रिक संस्कार.

दादा : पंचवीसाला एक. लिटरला चाळीस मिली. नव्या इंजिनाला पहिली टाकी पन्नास मिली घालतात लोक. आणि पहिल्या टाकीला एकदम पीळ द्यायचा न्हाई, कमी-जास्त करत पळवायची, मधे थंड होऊ द्यायची.

ताई : अंदाजानं नाही ना ओतणार?

दादा : आता एवढं काय...

ताई : मापानं. दवाखान्यातली सिरिंज आण. तेल जास्त घातलं की इंजिन सुरक्षित, असं तुम्हा सगळ्या टू-स्ट्रोकवाल्यांना वाटतं. जेटमधून जेवढं जातं त्यात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं. हवा जास्त, पेट्रोल कमी, पिस्टन गरम. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, त्यानं मिश्रण आणखी तिकडेच झुकतं. पिस्टन जाम झाला की तू म्हणणार, तेल कमी पडलं, आणि आणखी ओतणार.

दादा : त्याला मेन जेट एक नंबर मोठा घालायचा आणि प्लग बघायचा. पांढरा निघाला तर पेट्रोल कमी, काळा ओला निघाला तर जास्त, विटकरी निघाला तर बरोबर. हे तू मला शिकवायचं?

ताई : इथेनॉल पाणी ओढतं हे शिकवते. तुझी गाडी शनिवारी चालणार, बाकी सहा दिवस उभी. टाकीत ठेवलेल्या पेट्रोलमध्ये ओल धरते, रबरी पाइप फुगतो, फ्लोटच्या वाटीत चिकट साका बसतो. दुसऱ्या शनिवारी दोरी ओढून खांदा निखळेल.

दादा : संध्याकाळी टाकी रिकामी करायची, कॉक बंद करून इंजिन बंद पडंपर्यंत चालवायचं. वाटी कोरडी. बाटलीतलं पेट्रोल मोटरसायकलीत ओतायचं. झालं की.

दोघंही एकच काम दोन तोंडांनी सांगत होते, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. ताई ज्याला धोका म्हणत होती त्याला दादा शनिवारचा कार्यक्रम म्हणत होता. गाडी स्वस्त म्हणून कारखान्यानं जे तपासायचं टाळलं, ते काम घेणाऱ्याच्या गळ्यात येतं. ज्याला ते काम आवडतं त्याला गाडी स्वस्त पडते. ज्याला फक्त बसून पळवायची आहे त्यानं पस्तीस हजार खिशात ठेवून ट्रॅकवर भाड्यानं कार्ट घ्यावी. ताईनं नेमकं तेच सुचवलं.

दादा : भाड्याच्या कार्टला पाना लावू देतात का?

ह्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तिनं शर्यतीवर हल्ला चढवला, आणि तो फार नेमका होता.

ताई : तुमची शर्यत दुसऱ्या महिन्यात मरणार. तू लेथवाला, वेल्डिंगवाला सायलेन्सर बनवू शकतो, पॅटर्नवाल्याकडे काय आहे? पहिल्या शर्यतीत तिघं बरोबर. दुसऱ्यात तू पोर्ट घासून येणार, हेड खाली करून कॉम्प्रेशन वाढवणार. मग वेल्डिंगवाला एक्स्पॅन्शन चेंबर बनवणार. पॅटर्नवाला चिडून इटालियन सिलिंडर किट मागवणार, गाडीच्या किमतीएवढ्याला. मग तुलाही मागवावं लागेल. स्वस्त रेसिंग असं महाग होत जातं. आणि त्या वाढलेल्या वेगाला ब्रेक तेच. फ्रेम तीच.

दादा : नियम करायचा. इंजिनाला हात लावायचा न्हाई.

ताई : तू लावणार. मला माहितीय.

दादा : मी लावणार, हे खरंय.

ताई : एफआयएमची, म्हणजे जागतिक मोटरसायकल महासंघाची, मिनीजीपी मालिका आहे ना, २०२१ ला सुरू झालेली, तिथंसुद्धा सगळ्या मुलांना एकाच कंपनीची गाडी चालवावी लागते. ओहवाले नावाच्या कंपनीची. का? बापाचा खिसा पळू नये, पोरगं पळावं म्हणून. तिथं नियम बघायला माणसं आहेत. उद्यमनगरात कोण बघणार?

दादानं बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाला :

दादा : चिठ्ठ्या टाकायच्या.

ताई : कसल्या?

दादा : गाड्या कुणाच्याच नाहीत. तिघांच्या सामाईक. ट्रॅकवर गेल्यावर, हेल्मेट घालायच्या आधी चिठ्ठ्या काढायच्या. जी निघंल ती चालवायची. दर शर्यतीला नवी चिठ्ठी. मग मी कुणाची पोर्ट घासू? घासलेली गाडी वेल्डिंगवाल्याला लागली तर?

ताईनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

ताई : आणि ब्रेक?

दादा : तेच सांगतोय. कुठली आपल्याला लागणार हे माहीत न्हाई, तर तिन्हीचे ब्रेक नीट करायला लागणार. मला पॅटर्नवाल्याच्या गाडीचे नट आवळायला लागणार, त्याला माझ्या. तीन माणसं तीन गाड्या तपासणार.

मला विचाराल तर त्या रात्रीचं सगळ्यात हुशार वाक्य हे होतं, आणि ते ज्याला कधी तपासणी खात्यात कुणी घेतलं नसतं अशा माणसानं उच्चारलं. ताईच्या कारखान्यात ज्यासाठी नोंदवह्या, सह्या आणि बाहेरून येणारे ऑडिटर लागतात, ते काम तीन चिठ्ठ्या करणार होत्या. ताईनं अर्थातच तसं कबूल केलं नाही. ती थेट आमच्या भाच्यावर आली, म्हणजे तिच्या स्वतःच्या बारा वर्षांच्या मुलावर. तो गणपतीच्या आडून सगळं ऐकत होता.

ताई : आणि हा बसणार नाही.

दादा : अगं, एवढ्याशा गाडीवर मोठ्यानं बसायचं आणि बारक्यानं बघायचं? गल्लीतनं एक चक्कर.

ताई : गल्लीतून तर कुणीच नाही. मोटार वाहन कायद्यातून सुटतात त्या पंचवीस सीसीपर्यंतच्या गाड्या. ही एकोणपन्नास. म्हणजे कायद्यानं ही पुरी मोटरसायकल आहे. नोंदणी लागते, आणि हिला ती मिळणार नाही, कारण हिची चाचणी करून मंजुरीच कुणी घेतलेली नाही. पन्नास सीसीपर्यंत सोळाव्या वर्षी लायसन मिळतं, हा बाराचा. २०१९ ची दुरुस्ती वाच, कलम १९९-अ. अल्पवयीन पोरानं रस्त्यावर चालवली तर पंचवीस हजार दंड, पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मालक कोण? तू.

दादा : एक तृतीयांश.

ताई : तुझ्या वाटणीला एक वर्ष कैद मग.

भाचा हसला आणि पकडला गेला. रस्त्यावर शर्यत लावायला शासनाची लेखी परवानगी लागते, हे कलम १८९ ताईनं त्याच दमात वाचून दाखवलं. दादानं हात वर केले. रस्त्याचा प्रश्न नव्हताच त्याच्यापुढं. कार्टिंगचा ट्रॅक सकाळच्या वेळेला तासावर घ्यायचा, हे त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं. ट्रॅकच्या मालकाची अट एकच, तेल सांडलं तर पुसणं तुमचं.

ताई : हेल्मेट?

दादा : घरात आहे ते.

ताई : आयएसआय शिक्क्याचं, पूर्ण तोंड झाकणारं, नवं. गुडघे आणि कोपरं ह्या गाडीत आधी टेकतात, त्यांचे पॅड. घोट्यावर येणारे बूट, हातमोजे. तिघांचे. गाडी पस्तीस हजारांची असली तरी डांबर सगळ्यांना एकाच भावानं लागतं. हे पैसे चौथ्या गाडीच्या आधी बाजूला काढ.

दादा : मग चौथी पुढच्या खेपेला घ्यायला लागंल. पुढच्या खेपेला स्टडचं अंतर वेगळं निघालं म्हणजे?

ताई : अडॅप्टर काढ लेथवर. तेवढ्यासाठीच तर घेतोयस.

हे त्याला लागलं, आणि आवडलंही. सुपारीची चिमूट तोंडात टाकून तो उठायला लागला, तेव्हा ताईनं शेवटची अट घातली.

ताई : पहिली शर्यत मी तपासल्याशिवाय नाही. तिन्ही गाड्या. मी नापास केली ती ट्रॅकवर जाणार नाही, चिठ्ठी कुणाचीही निघो.

दादा : तू परत येणार कधी?

ताई : दिवाळीला.

दादा : म्हणजे दिवाळीपर्यंत आम्ही नुसतं बसायचं?

ताई : गाड्या आल्यावर पहिल्या दिवशी काय काय उघडणार, ते तूच सांगितलंस. दिवाळीपर्यंत झालं तर फोन कर.